लेन्स 'सॉफ्ट' आहे म्हणण्याआधी...

गॅदरिंग संपलं की फोटोग्राफी क्लबच्या ग्रुपवर दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "माझा फोटो कुठंय?" आणि दुसरा, "माझाच ब्लर का आला?" मागच्या गॅदरिंगला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देण्याची पाळी माझ्यावर आली.

त्याचं झालं असं. माझ्या मामांचा शहरात फोटो स्टुडिओ होता. फिल्मचे दिवस गेले, लग्नाच्या ऑर्डरी कमी झाल्या, तसं त्यांनी दुकान बंद केलं. मला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली तेव्हा त्यांनी कपाटातून एक जुनी लेन्स काढून माझ्या हातात ठेवली. ५० मिमी, एफ/१.२, पूर्णपणे मॅन्युअल फोकस. म्हणजे रिंग आपणच फिरवायची, कॅमेरा काहीही मदत करणार नाही. मी ती क्लबच्या डीएसएलआरला लावली आणि एकांकिकेच्या वेळी स्टेजला चिकटून बसले. २१२ फोटो काढले. कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले तर धड फोकसमध्ये होते फक्त ९!

मी ग्रुपवर लिहून टाकलं, "लेन्स सॉफ्ट आहे, जुनी झाली." आणि विकायलाही काढली. एका दुकानदाराने किंमत सांगितली तेव्हा बरं नाही वाटलं, म्हणून मामांना फोन केला. ते म्हणाले, "विक की पोरी, तुझीच आहे. पण घेणाऱ्याला काय सांगशील? खराब आहे म्हणून? तू तपासली का ती?"

तपासली नव्हती. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात असून एकही चाचणी न घेता मी निकाल दिला होता. हा लेख म्हणजे त्यानंतर घेतलेल्या चाचण्यांचा हिशोब आहे. तुमच्याकडेही बाबांची, काकांची जुनी लेन्स पडलेली असेल, किंवा हल्ली मिळणारी एफ/०.९५ ची मॅन्युअल लेन्स घ्यायचा विचार असेल, तर उपयोगी पडेल.

'फास्ट' म्हणजे नेमकं काय?

एफ-नंबर म्हणजे लेन्सचं नाभीय अंतर भागिले तिच्या प्रवेशछिद्राचा व्यास. ५० मिमी लेन्स एफ/१.२ असेल तर हा व्यास सुमारे ४२ मिमी. एफ/०.९५ असेल तर जवळजवळ ५३ मिमी, म्हणजे नाभीय अंतरापेक्षाही मोठा! सेन्सरवर पडणारा प्रकाश एफ-नंबरच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्यामुळे एफ/२.८ च्या तुलनेत एफ/१.२ ला जवळपास साडेपाचपट प्रकाश मिळतो. जिथे शटर १/२५ सेकंद ठेवावं लागलं असतं, तिथे १/१२५ ठेवता येतं. हात हलण्यामुळे किंवा माणूस हलण्यामुळे येणारा ब्लर टळतो. म्हणून या लेन्सला 'फास्ट' म्हणायचं.

पण फुकट काहीच मिळत नाही. छिद्र मोठं झालं की भिंगाच्या कडेकडेचे किरणही आत येतात, आणि खरा त्रास तेच देतात. लेन्सचे दोष छिद्राच्या व्यासाबरोबर कसे वाढतात ते पाहा. स्फेरिकल ॲबरेशन (पुस्तकातलं गोलीय विपथन) मुळे होणारा पसारा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. कोमाचा पसारा वर्गाच्या प्रमाणात. ॲस्टिग्मॅटिझम आणि फील्ड कर्व्हेचरचा फक्त सरळ प्रमाणात. आता उलटं गणित करा. एफ/१.२ वरून एफ/२.४ ला आलो, म्हणजे व्यास निम्मा केला, की स्फेरिकल ॲबरेशनचा पसारा एक अष्टमांश होतो, कोमाचा एक चतुर्थांश आणि उरलेल्या दोघांचा निम्मा. दोनच स्टॉप बंद केल्यावर फोटोचा मधला भाग एकदम 'जागा' होतो पण कोपरे मागे राहतात, त्याचं कारण हेच.

आणि विवर्तन? एफ/१.२ ला हिरव्या प्रकाशासाठी एअरी डिस्कचा व्यास सुमारे १.६ मायक्रॉन येतो. क्लबच्या २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा एक पिक्सेलच जवळजवळ ४ मायक्रॉनचा आहे. म्हणजे पूर्ण उघड्या फास्ट लेन्समध्ये विवर्तनाला दोष देता येत नाही. जो काही पसारा दिसतो तो ॲबरेशनचा, नाहीतर आपल्या फोकसचा.

आधी स्वतःची चूक बाजूला काढा

माझ्या २१२ फोटोंचं उत्तर इथेच होतं. फील्डची खोली साधारण '२ × एफ-नंबर × चालणारा ब्लर × अंतराचा वर्ग ÷ नाभीय अंतराचा वर्ग' अशी येते. क्लबच्या कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा (क्रॉप) आहे, म्हणून चालणारा ब्लर ०.०२ मिमी धरला. दोन मीटरवर एफ/१.२ ला खोली आली सुमारे ७.७ सेंमी. एक मीटरवर फक्त २ सेंमी! म्हणजे डोळ्यावर फोकस केला तर नाकाचा शेंडा बाहेर. एकांकिकेतलं पात्र संवाद म्हणताना अर्धं पाऊल पुढे आलं की संपलं.

याहून मोठी गोम व्ह्यूफाइंडरमध्ये आहे. आजच्या ऑटोफोकस डीएसएलआरचा फोकसिंग स्क्रीन उजळ दिसावा म्हणून अशा पोताचा करतात की कडेचे तिरपे किरण डोळ्यापर्यंत पोचतच नाहीत. लेन्स एफ/१.२ असली तरी आपल्याला साधारण एफ/२.८ एवढीच खोली दिसते. डोळ्याला सगळं फोकसमध्ये वाटतं, सेन्सरवर मात्र ते नसतं. मामांच्या जुन्या फिल्म कॅमेऱ्यात जाडसर स्क्रीन होता आणि मध्यभागी स्प्लिट इमेज. दोन अर्धुकं जुळली की फोकस बसला. तीच लेन्स त्यांच्या हातात का चालायची ते आता कळलं.

शिवाय आरसा किंवा स्क्रीन जराही जागेवरून हललेला असेल तर? सेन्सरच्या बाजूला चालणारी चूक म्हणजे एफ-नंबर गुणिले चालणारा ब्लर. आपल्या बाबतीत फक्त २४ मायक्रॉन. केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. किट लेन्सवर अशी चूक कधी लक्षातही येत नाही.

उपाय सोपा आहे. लाइव्ह व्ह्यू चालू करा, चित्र दहापट मोठं करा, आणि मगच रिंग फिरवा. मिररलेस कॅमेरा असेल तर हा प्रश्नच नाही, तिथे सेन्सरवरचंच चित्र दिसतं. दुसरी काळजी म्हणजे ज्या एफ-नंबरवर फोटो काढायचा त्याच नंबरवर फोकस करा. स्फेरिकल ॲबरेशन असलेल्या लेन्समध्ये छिद्र लहान केलं की उत्तम फोकसची जागा सरकते, याला फोकस शिफ्ट म्हणतात. एफ/१.२ ला फोकस करून एफ/२ ला फोटो काढला आणि तो बिघडला, तर त्यात लेन्सपेक्षा आपल्या पद्धतीचा दोष जास्त.

शार्पनेस कसा मोजायचा?

भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून फोटो काढायची पद्धत जुनी आहे आणि वाईटही नाही. पण वर्तमानपत्राची शाई पसरलेली असते, त्यामुळे आकड्यात उत्तर मिळत नाही. आम्ही लेसर प्रिंटरवर काळे चौकोन छापले, साधारण ५ अंशांनी तिरके, आणि प्रयोगशाळेच्या भिंतीवर मध्ये एक व चार कोपऱ्यांत चार असे लावले. पुढची पद्धत अशी:

१. कॅमेरा ट्रायपॉडवर. अंतर नाभीय अंतराच्या किमान ५० पट, म्हणजे ५० मिमी लेन्सला अडीच मीटर. आयएसओ कमीत कमी, रॉ फाइल, दोन सेकंदांचा टायमर.

२. कॅमेरा भिंतीला समांतर आहे का ते पाहायला भिंतीवर मध्यभागी एक छोटा आरसा सपाट चिकटवा. लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यात दिसलं की कॅमेरा समांतर. फास्ट लेन्सला ही पायरी सोडलीत तर चाचणी लेन्सची न होता ट्रायपॉडची होते.

३. प्रत्येक एफ-नंबरला पाच फोटो, आणि प्रत्येक फोटोआधी फोकस नव्याने. कधी डावीकडून, कधी उजवीकडून रिंग आणा. पाचातला सर्वोत्तम धरा. सरासरी काढाल तर स्वतःच्या हाताचा दोष लेन्सच्या खात्यात जमा होईल.

४. कोपरे वेगळे तपासा. मध्यभागी फोकस असताना कोपरा खराब दिसला तर कोपऱ्यावर फोकस करून पुन्हा फोटो काढा. आता सुधारला तर फील्ड कर्व्हेचर. तरीही नाही सुधारला तर कोमा किंवा ॲस्टिग्मॅटिझम. आणि चारपैकी एकच कोपरा वाईट असेल तर आतलं एखादं भिंग कललं किंवा सरकलं आहे. हा डिझाइनचा दोष नसून त्या एका नगाचा आहे. जुनी लेन्स विकत घेताना ही चाचणी सगळ्यात महत्त्वाची.

५. आता गणित. तिरक्या कडेवरून काळ्या-पांढऱ्याचा आलेख काढायचा, त्याचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं, त्याचं फूरिए ट्रान्सफॉर्म घेतलं की एमटीएफ मिळतो. आयएसओ १२२३३ या मानकातही हीच तिरक्या कडेची पद्धत आहे. सिग्नल्सचा पेपर दिलेल्या कोणालाही पायथॉनमध्ये हे एका संध्याकाळी जमेल. आम्हाला जमलं! ज्यांना कोड लिहायचा नाही त्यांच्यासाठी एमटीएफ मॅपर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे.

एमटीएफ वाचताना एकच आकडा पाहू नका. मिलिमीटरला १० रेघांच्या जोड्या असताना कॉन्ट्रास्ट किती उरतो, हा चित्राचा ठसठशीतपणा. ३० किंवा ४० जोड्यांना किती उरतो, हा बारकावा. मामांच्या लेन्सचा निकाल मजेशीर आला. एफ/१.२ ला ठसठशीतपणा कमी होता, पण मध्यभागी बारकावा मी समजत होते त्यापेक्षा पुष्कळ जास्त होता. पापणीचा केस न् केस होता, फक्त त्यावर धुक्याचा पातळ पडदा होता. चुकलेल्या फोकसमध्ये केसच नाहीसा होतो. दोन्हींना आपण 'सॉफ्ट' म्हणून मोकळे होतो, पण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. धुकं लेन्सचं असतं, नाहीसा झालेला केस आपला असतो. एफ/२.८ ला आल्यावर ते धुकंही गेलं. चारही कोपरे सारखे निघाले. लेन्स ठणठणीत होती!

कॅरॅक्टर म्हणजे काय?

लेन्सप्रेमी मंडळी 'कॅरॅक्टर' हा शब्द फार सैल वापरतात. स्वप्नाळू, मखमली, जादुई वगैरे. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर कॅरॅक्टर म्हणजे डिझायनरने शिल्लक ठेवलेले दोष, आणि ते कोणत्या प्रमाणात ठेवले याचा हिशोब. म्हणून तेही तपासता येतं. एका काळ्या कागदाला टाचणीने भोक पाडा, मागे एलईडी ठेवा आणि हा ठिपका फोकसच्या पुढे, मागे, फ्रेमच्या मध्यात आणि कोपऱ्यात ठेवून फोटो काढा. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेत गेलात तर तेवढंही करायला नको. पाळण्यांवरचे दिवे आयतेच मिळतात.

काय पाहायचं? मागचा अंधुक गोल मध्यात उजळ आणि कडेला विरत जाणारा असेल तर स्फेरिकल ॲबरेशन पूर्ण दुरुस्त केलेलं नाही. अशा लेन्सची पार्श्वभूमी मऊ येते, पण पुढच्या वस्तू कर्कश दिसतात. उलट गोलाला कडक कड असेल तर दुरुस्ती जास्त झाली आहे. मग मागच्या झाडाच्या फांद्या दुहेरी दिसतात. कोपऱ्यातला गोल मांजराच्या डोळ्यासारखा चपटा झाला तर लेन्सच्या नळीने तिरका प्रकाश कापला आहे. फोकसमधला कोपऱ्यातला दिवा पंख पसरलेल्या पाखरासारखा दिसला तर कोमा. फोकसच्या मागे हिरवट आणि पुढे जांभळट कड आली तर रंगीय विपथन. आणि गोलात कांद्यासारखी वलयं दिसली तर आत साच्यातून काढलेलं ॲस्फेरिकल भिंग असण्याची शक्यता मोठी.

यातला कोणताही दोष 'चांगला' की 'वाईट' हे चार्ट सांगत नाही, ते काम सांगतं. कॅमेरा कंपन्यांनी तरी वेगळं काय केलं? कॅननने १९६१ मध्ये ५० मिमी एफ/०.९५ लेन्स आणली. लायकाने १९६६ मध्ये ॲस्फेरिकल पृष्ठभाग वापरून नॉक्टिलक्स एफ/१.२ काढली, आणि १९७६ मध्ये एफ/१.० काढताना पुन्हा साध्या गोलीय भिंगांकडे आली. निकॉनच्या १९७७ च्या ५८ मिमी एफ/१.२ नॉक्टमध्ये पुढचा पृष्ठभाग ॲस्फेरिकल होता, आणि हेतू एकच, रात्रीच्या दिव्यांना कोपऱ्यात पंख फुटू नयेत. त्याच निकॉनने २०१९ मध्ये ५८ मिमी एफ/०.९५ नॉक्ट आणली, तीही मॅन्युअल फोकसच. जुन्या पद्धतीच्या एफ/१.२ मध्ये सात भिंगं असायची, हिच्यात सतरा आहेत आणि वजन दोन किलो! दोष कमी करायचे तर काच वाढते, वजन वाढतं, किंमत वाढते. स्टॅनली कुब्रिकने १९७५ च्या 'बॅरी लिंडन'मध्ये मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग झाइसच्या ५० मिमी एफ/०.७ लेन्सने टिपले, पण खोली इतकी कमी होती की कलाकारांच्या हालचालींवर बंधनं आली.

मग अजिंठा की पैठण?

लेन्स चांगली निघाली म्हटल्यावर आम्ही ठरवलं, चला अजिंठ्याला! फ्लॅश बंद, आत अंधार, आपल्याकडे एफ/१.२. यापेक्षा योग्य जागा कोणती? पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभं राहून फोटो काढले. घरी येऊन पाहिलं तर चेहरा ठीक, पण चित्राच्या कडा विरलेल्या आणि सगळ्यावर तेच धुकं. चार्टवरचा निकाल भिंतीवर जसाच्या तसा उतरला होता.

विचार केल्यावर लक्षात आलं की आमची निवडच चुकली. भित्तिचित्र दीड हजार वर्षं जागचं हललेलं नाही. त्याला १/१२५ शटर कशाला? जी वस्तू हलत नाही तिच्यासाठी प्रकाश वेळेतून मिळवायचा, छिद्रातून नाही. बिनॉय बहल यांनी १९९१ मध्ये अजिंठ्याची चित्रं अत्यंत कमी प्रकाशात, दीर्घ एक्स्पोजर देऊन टिपली. १९९८ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि ते रंग जगाने पाहिले. त्याही आधी मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून इथे नकला रंगवत होते. त्यांच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या, आणि पुढे त्यांनीही कॅमेरा हाती घेतला होता. या कामाला सपाट फील्ड, लहान छिद्र आणि ट्रायपॉड लागतो. ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी काढावी लागते, ती आम्ही काढली नव्हती. महागड्या लेन्सने परवानगीच्या अर्जाची भरपाई होत नाही, हा आमचा त्या दिवसाचा धडा!

त्यानंतर महिन्याभराने पैठणला गेलो, पैठणीच्या हातमागावर. खोलीत एक खिडकी आणि एक बल्ब. विणणाऱ्या मावशींचे हात सतत चालू. त्यांना "जरा थांबा" म्हणणं म्हणजे त्यांचं काम बंद पाडणं. इथे एफ/८ आणि ट्रायपॉड काही कामाचे नव्हते. मी आधीच मागाच्या कडेवर लाइव्ह व्ह्यूने फोकस लावून ठेवला, रिंगला हात लावला नाही, आणि मावशींची बोटं त्या जागी आली की शटर दाबलं. बोटं आणि रेशमाचे धागे स्पष्ट आले, मागची भिंत मऊ विरून गेली, आणि जरीवर ते हलकं तेज आलं ज्याला मी गॅदरिंगनंतर 'खराबी' म्हटलं होतं.

कॉलेजला आल्यावर आणखी एक चाचणी घेतली. मामांच्या लेन्सने आणि क्लबच्या ५० मिमी एफ/१.८ ऑटोफोकस लेन्सने तेच प्रसंग काढले, ए-फोर आकारात प्रिंट केले, मागे सांकेतिक नंबर लिहिले आणि मित्रमैत्रिणींना ओळखायला लावले. एफ/२.८ चे प्रिंट कोणालाच ओळखता आले नाहीत. पूर्ण उघड्या छिद्राचे मात्र मागच्या गोलांवरून लगेच ओळखले. म्हणजे जिचे पैसे आपण मोजतो ती फास्ट लेन्स एक-दोन स्टॉपांपुरतीच वेगळी असते. तेवढ्यासाठी ती घ्यायची का, हे आपण काय टिपणार यावर ठरवायचं.

लेन्स विकली नाही. पैठणचे फोटो मामांना दाखवले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी मावशींच्या हातांचा फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "फोकस कुठं धरला होतास?" लेन्सबद्दल एक शब्दही नाही! मी सांगितलं. ते म्हणाले, "हां. असंच करायचं."

तिरक्या चौकोनांची फाइल आणि पायथॉनचा कोड क्लबच्या कॉम्प्युटरवर ठेवला आहे. ज्यांच्या घरी जुनी लेन्स धूळ खात पडली असेल त्यांनी जरूर घेऊन या. निकाल आपण भिंतीसमोर लावू. तोपर्यंत कोणीही ग्रुपवर 'सॉफ्ट आहे' असं लिहायचं नाही!